गुरुजींनी टेबलावर मोबाइल ठेवला

पत्राचा सारांश : पत्रलेखक पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी २९ वर्षं दवाखाना चालवतात. वय ५७, शिक्षण एम.बी.बी.एस. वीस वर्षांपासून त्यांच्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक मधले सात-आठ महिने मुलाकडे पुण्यात राहून आले. गुरुजींना मधुमेह आणि बी.पी. आहे. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना अ‍ॅसिक्लोफिनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ, दहा दिवसांसाठी लिहून दिली. बी.पी.ची गोळी पूर्वीचीच आहे ना, असं विचारल्यावर गुरुजी म्हणाले, "तीच आहे, कंपनी तेवढी बदललीय." चौथ्या दिवशी सकाळी ते परत आले, प्रश्नांची उत्तरं लिहून देणारं यंत्र (एआय) उघडलेला मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर, हे म्हणतंय की ही गोळी मला चालायची नाही." पुण्यात त्यांची गोळी बदलून टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी एकत्र गोळी सुरू झाली होती, मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन १.७ आलं होतं आणि ते रिपोर्ट मुलाच्या मोबाइलमध्ये होते. डॉक्टरांनी गुडघेदुखीची गोळी लगेच बंद केली आणि पॅरासिटामॉल दिलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

डॉक्टर पुढे लिहितात की रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट येतात, उत्तर दिलं नाही तर लोक रागावतात आणि फीचं नाव काढायची सोय नाही. एम.डी. करणारी मुलगी म्हणते, "बाबा, जनरल प्रॅक्टिसचे दिवस गेले." एका ऑनलाइन कंपनीनं व्हिडिओवर पेशंट बघायची नोकरी देऊ केली आहे, आणि शेजारचा मेडिकलवाला दवाखान्याची जागा मागतोय. "आता मी फक्त सहीपुरता उरलोय का? दवाखाना बंद करू का?"

डॉक्टर,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मनातून जात नाही : "चूक कळली याचं वाईट वाटलं नाही, ती कुणी दाखवली याचं वाटलं." इतकं खरं लिहिणाऱ्या माणसाची वरवरची समजूत घालू नये, म्हणून कडू भाग आधी बोलून घेते. मोबाइलनं सांगितलं ते बरोबर होतं. टेल्मिसार्टन, सोबत लघवी वाढवणारं औषध आणि त्यावर दुखण्याची गोळी, ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो. क्रिएटिनिन आधीच १.७ असलेल्या, वय झालेल्या मधुमेही माणसाला ती गोळी जायला नको होती.

पण हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? मोबाइल बघितल्याबरोबर तुम्ही गोळी बंद केलीत, याचा अर्थ ज्ञान जागेवर होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं ते इतकंच, की पुण्यात गोळी बदलली आहे आणि क्रिएटिनिन चढलंय. ती माहिती मुलाच्या मोबाइलमध्ये पीडीएफ होऊन पडली होती. मोबाइलला त्या दोन्ही गोष्टी मिळाल्या, तुम्हाला मिळाल्या नाहीत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हा फरक काढत नाही. यावरून उपाय बदलतो. ज्ञान कमी पडलं असतं तर पुस्तक काढून बसायला सांगितलं असतं. इथं कागद कमी पडला, आणि पेशंटचे चार गावांत विखुरलेले कागद एका टेबलावर आणणं हे काम मोबाइल आल्यामुळे उलट वाढलं आहे. हाडाचा डॉक्टर वेगळा, साखरेचा वेगळा, तपासणी घरी येऊन रक्त नेणाऱ्या तिसऱ्याच लॅबची. या सगळ्यांच्या मध्ये बसून "थांबा, हे दोन्ही एकत्र चालणार नाही" म्हणणारा माणूस कोण? तुमच्या गावात तरी तुम्हीच.

त्या दिवशी गुरुजी तुमच्यावर अविश्वास दाखवायला आले होते, हे तुम्ही धरूनच चालला आहात. मला तसं दिसत नाही. गोळी गुपचूप बंद करून घरी बसता आलं असतं. दुसऱ्या डॉक्टरकडे जाता आलं असतं. ते चौथ्या दिवशी सकाळी तुमच्याचकडे आले आणि हातातला मोबाइल तुमच्यापुढे ठेवला. डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतर दुसऱ्या कुणाला तरी विचारायची चाल आपल्याकडे जुनीच आहे. मेडिकलवाल्याला विचारायचं, मेव्हण्याला विचारायचं, गल्लीतल्या नर्सबाईंना गोळीची पट्टी दाखवायची. मेव्हण्याचं मत तुमच्या टेबलापर्यंत येत नव्हतं म्हणून तुम्हाला ते टोचत नव्हतं. आता येतंय, तर ते वाचायला मिळतंय असं समजा.

माझ्या ओ.पी.डी.त पेशंट असं काही घेऊन यायला लागले तेव्हा मलाही राग यायचा. पुढे एक सवय लावून घेतली, ती तुम्हाला देते. मोबाइल हातात घ्यायचा, शेवटपर्यंत वाचायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : "हे वाचल्यावर सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली?" उत्तर बहुतेक वेळा मोबाइलमध्ये नसतं. डोकं दुखतंय म्हणून आलेल्या एका बाईंनी मेंदूतल्या गाठीबद्दल सगळं वाचून काढलं होतं. भीती विचारल्यावर म्हणाल्या, "आईचं असंच सुरू झालं होतं." तो इतिहास त्यांनी आधीच्या दोन भेटींत सांगितला नव्हता. त्या एका प्रश्नाला अर्धं मिनिट लागतं. आणि मोबाइलचं बरोबर निघालं तर तुम्ही केलंत तेच करायचं. गोळी बदलायची आणि "बरं झालं दाखवलंत" हे तोंडानं म्हणायचं. ते म्हटलं नसेल तर अजून वेळ गेलेली नाही.

सहीपुरता उरलोय का, हे तुम्ही विचारता त्याच्या मागे आणखी एक समजूत दिसते : डॉक्टरांची किंमत त्यांना जे माहीत असतं त्यात, आणि ते आता सगळ्यांना माहीत झालं. आपल्या धंद्यातल्या हत्यारांकडे जरा मागे वळून बघा. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकनं कागदाची सुरळी करून छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. छातीतलं काय ऐकू येतं ते सांगायचा अधिकार त्या दिवसापासून डॉक्टरांकडे गेला, कारण नळीचं दुसरं टोक त्यांच्या कानात होतं. पुढे १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले, प्रयोगशाळा वाढल्या, आणि पेशंटला न दिसणारं आपल्याला दिसत गेलं. शंभर-दीडशे वर्षं प्रत्येक हत्यारानं डॉक्टरांची खुर्ची थोडी उंच केली. उलटी वाट थर्मामीटरनं सुरू केली. तो घरोघरी गेला, मग ग्लुकोमीटर गेला, बी.पी.चं यंत्र गेलं, आणि कोविडच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गेला. तुमच्याही पेशंटांनी फोनवर ९२, ९१ असे आकडे सांगितले असतील, आणि त्यावरून कुणाला घरी ठेवायचं, कुणाला हलवायचं हे तुम्ही ठरवलं असेल. आकडा त्यांच्या हातात होता, निर्णयाचं ओझं तुमच्या खांद्यावर. त्या दिवसांत तुमची गरज कमी झाली होती का?

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना मोजणी येत नव्हती त्यांच्यासाठी मण्यांचं साधं श्वास मोजायचं साधन केलं, वेळ बघायला वाळूचं घड्याळ. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असतील तर ते आजारी आहे, हे गावातली बाई सांगू लागली. पुढे त्याच वाटेनं घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू झाली, आणि बालमृत्यू किती कमी झाले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. श्वास मोजायचं काम दुसऱ्याच्या हातात गेलं म्हणून तिथल्या डॉक्टरांचं काम संपलं नाही. शिकवणं, चुका तपासणं, अवघड बाळ हाती घेणं, हे त्यांच्याकडे आलं. तुमच्याही दवाखान्यात हेच व्हायचं आहे असं मला मनापासून वाटतं. बी.पी. मोजायचं काम तुमच्याकडून गेलंय, पण ते नीट कसं मोजायचं हे शिकवायचं राहिलंय. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पट्टा दंडाला, दंड छातीच्या उंचीवर, बोलायचं नाही. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवायचं. हे तुमच्या गावात किती जणांना ठाऊक आहे? चहा पिऊन, जिना चढून आल्या-आल्या मोजलेल्या १६० नं घाबरलेली माणसं रात्री साडेअकराला मेसेज करतात.

आता माझी एक गोष्ट सांगते. मी जिथं काम करत होते त्या सरकारी रुग्णालयात संगणक आला तेव्हा मी फार उत्साहानं शिकले. एक दिवस एक म्हातारे शेतकरी साखरेच्या तपासणीला आले. उपाशीपोटीची साखर १२८, मागच्या वेळेपेक्षा कमी, पडद्यावर सगळं छान. मी गोळ्या पुढे चालू केल्या, "उत्तम आहे बाबा" म्हटलं आणि पुढचं नाव बघितलं. दारातून त्यांची सून म्हणाली, "मॅडम, तेवढं पायाकडं बघता का?" अंगठ्याच्या खाली रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. मधुमेहानं पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे दुखत नव्हतं, म्हणून ते बोलले नव्हते. आणि मी बघितलं नव्हतं, कारण पडद्यावर पायासाठी रकाना नव्हता.

आम्ही भांडून तो रकाना घालून घेतला : "दोन्ही पाय पाहिले?" त्यावर खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. त्याचा फार उपयोग झाला. घाईच्या दिवशीही मोजे उतरवले जायला लागले. वर्षभरानं जुन्या नोंदी चाळताना एका पेशंटचं पान दिसलं. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला होता, आणि नोंदीत होतं, "दोन्ही पाय पाहिले, व्यवस्थित." मागच्या भेटीची नोंद कुणीतरी जशीच्या तशी पुढे ओढली होती. म्हणून संगणकाच्या बाजूनं बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघांचंही मला अर्धंच पटतं. त्या रकान्यानं काही पाय वाचवले हे मी बघितलंय. न बघता त्यात खूण होते हेही बघितलंय.

तुमच्या दवाखान्यात नोंदींचं सॉफ्टवेअर आणायचं असेल तर आणा, पण टेबलाची मांडणी आधी बदला. पडदा तुमच्या आणि पेशंटच्या मध्ये नको. बाजूला, दोघांना दिसेल असा ठेवा. पहिली दोन मिनिटं कळफलकाला हात लावू नका. आपली माणसं त्या दोन मिनिटांत जे बोलतात ते पुन्हा बोलत नाहीत. "कसनुसं होतंय", "जीव घाबरा झालाय", "अंगात कसकस आहे", "पोटात भगभगतंय" हे शब्द टाइप करून यंत्राला दिले तर यंत्र काहीतरी उत्तर देईलही. पण हयातीत कधी कण्हली नाही ती बाई "कसनुसं होतंय" म्हणाली तर ई.सी.जी. काढायचा, आणि दर सोमवारी तेच म्हणणाऱ्याला आधी घरचं विचारायचं, हे तुम्ही २९ वर्षांत कमावलंय. "पित्त झालंय" म्हणत आलेला आणि घामानं शर्ट भिजलेला माणूस तुम्ही किती वेळा पुढे पाठवला असेल! मनगटावरच्या घड्याळातला ई.सी.जी. एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूनं बघणारा असतो. ठोक्यांची अनियमितता त्यात सापडू शकते, पण हार्ट अटॅक नाही हे त्यावरून ठरत नाही. हे तरुण पेशंटांना आवर्जून सांगा, कारण "घड्याळ नॉर्मल दाखवतंय" म्हणून घरी बसणारे त्यांच्यातच आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न तुम्ही भिडेचा करून ठेवलाय. तो नियमांचाही आहे. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून वैद्यकीय सल्ला देण्याची मार्गदर्शक तत्त्वं आणली, तेव्हापासून मेसेजवर दिलेला सल्ला हा रीतसर सल्ला धरला जातो. म्हणजे प्रत्यक्ष तपासणीची फी घ्यावी तशी त्याचीही घेता येते. आणि जबाबदारीही तशीच येते : नोंद ठेवायची, दिलेली चिठ्ठी जपायची, पेशंटची ओळख पटवायची. रात्री अर्धवट झोपेत "चालू ठेवा" असं लिहिलंत तर तो तुमचा वैद्यकीय सल्ला झाला, हे ध्यानात ठेवा. त्याच नियमांत तुमच्या बाजूच्याही गोष्टी आहेत. प्रत्यक्ष या, असं केव्हाही सांगायचा अधिकार तुमचा आहे. त्याच दुखण्यासाठी सहा महिन्यांच्या आत समक्ष बघितलेला पेशंट फेरतपासणीचा धरला जातो आणि त्याच्यासाठी औषधांची मुभा जास्त आहे. नव्या पेशंटला, नुसत्या मेसेजवर, साध्या औषधांच्या पलीकडे फारसं लिहिता येत नाही. झोपेच्या किंवा नशेच्या वर्गातली बंधनं असलेली औषधं तर मागणाऱ्यानं कितीही गळ घातली तरी अशा पद्धतीनं द्यायची नाहीत.

तेव्हा दवाखान्यासाठी वेगळा नंबर घ्या आणि घरचा नंबर घरचा राहू द्या. दारावर पाटी लावा. मजकूर मी लिहून देते, तुम्ही बदलून घ्या :

"व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले मेसेज दुपारी २ ते ३ आणि रात्री ८ ते ८.३० या वेळेत बघितले जातात. रिपोर्टसोबत नाव, वय, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो आणि नेमका प्रश्न पाठवावा. मेसेजवरच्या सल्ल्याची फी आकारली जाईल. छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड किंवा हात-पाय वाकडा होणं, झटके, गरोदरपणात रक्तस्राव, तान्ह्या बाळानं दूध सोडणं : मेसेज करत बसू नये, १०८ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालयात जावं."

पहिला महिना कुरबूर होईल. एक-दोन घरं दुखावतील. उरलेल्यांना तुमच्या उत्तराची वेळ कळली की त्यांचीच घालमेल कमी होते, असं मी दोघा-तिघा डॉक्टरांच्या बाबतीत बघितलंय. ज्यांना फी परवडत नाही ते कोण, हे तुम्हाला गावात राहून ठाऊक आहेच. त्यांच्यासाठी पाटीवर काही लिहायची गरज नाही.

रात्री येणारे रिपोर्ट बहुतेक कुठल्यातरी स्वस्त पॅकेजचे असतात आणि त्यातला ठळक छापलेला एखादा आकडा माणसाला झोपू देत नाही. त्यांना एक हिशेब समजावून सांगा. बऱ्याच चाचण्यांची "नॉर्मल" हद्द अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी शंभरातले ९५ तिच्या आत यावेत. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडायची शक्यता दर चाचणीला वीसात एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर निदान एक तरी आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते. ६० चाचण्यांचं पॅकेज घेतलं की काही ना काही निघणारच! कुठला ठळक आकडा आजार आहे आणि कुठला नुसता छपाईचा, हे सांगायला तुम्ही लागता. हे वाचणाऱ्या पेशंटांनाही सांगते : पॅकेज करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, नंतर विचारण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आणि दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून स्वतः आणलेल्याही. "कंपनी बदललीय" असं वाटतं तेव्हा कधी कधी औषधच बदललेलं असतं.

गुरुजींचे पुण्याचे कागद गावात दिसावेत यासाठी आभा खात्याचा विचार करा. २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला हा १४ आकडी क्रमांक. ज्या रुग्णालयांनी आणि लॅबनी जोडणी केली आहे त्यांचे कागद पेशंटच्या संमतीनं दुसऱ्या डॉक्टरला बघता येतात. सगळ्यांनी जोडणी केलेली नाही, म्हणून आज त्यावर विसंबून चालणार नाही. तोवर दवाखान्यातल्या मदतनीस ताईंना एक काम द्या. बाहेरगावी राहून आलेल्या प्रत्येक पेशंटला आत सोडण्याआधी त्याच्या मुलाला किंवा मुलीला फोन लावायचा आणि शेवटची फाइल दवाखान्याच्या नंबरवर मागवायची. गुरुजींच्या वेळी एवढा फोन झाला असता तर ही सगळी वेळ आली नसती.

उत्तरं लिहून देणारं जे यंत्र गुरुजींनी वापरलं, ते तुम्हीही वापरा असं मी म्हणेन. औषधं एकमेकांना चालतात का हे पडताळायला, शहरातल्या डिस्चार्ज कार्डाचा मराठीत सोपा गोषवारा करायला, आहाराची माहिती तुमच्या भागातल्या भाकरी-कोरड्यासाच्या हिशेबानं लिहून घ्यायला. पेशंटचं नाव, फोन, फोटो त्यात टाकायचे नाहीत. मिळालेलं उत्तर एखाद्या खात्रीच्या संदर्भात तपासल्याशिवाय वापरायचं नाही, कारण ही यंत्रं चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगतात. आणि २०२० च्या त्या नियमांत स्पष्ट आहे : यंत्रानं पेशंटला परस्पर सल्ला किंवा औषध द्यायचं नाही, ते डॉक्टरला मदत करू शकतं, चिठ्ठी डॉक्टरचीच. तुम्हाला "सहीपुरता" हा शब्द लागलाय. पण त्या सहीखाली तुमचा नोंदणी क्रमांक असतो, आणि काही बिघडलं तर दार तुमचं वाजतं. मोबाइलचं दार कुणी वाजवत नाही.

नोकरीबद्दल मुलीचं ऐका, पण तिचं सगळं गृहीत धरू नका. ती मोठ्या रुग्णालयात शिकतेय. तिथं जे पेशंट येतात ते कुणीतरी आधी चाळून पाठवलेले असतात, आणि चाळणारे तुम्ही असता हे तिला तिथून दिसत नाही. तिला आठवडाभर तुमच्या शेजारी बसवा. कंपनीला मात्र हे लेखी विचारा : एका पेशंटला किती मिनिटं? "मी हे व्हिडिओवर बघणार नाही, समक्ष दाखवा" असं म्हटलं तर पगार कापणार का? औषधं किंवा तपासण्या किती लिहिल्या यावर पैसे ठरतात का? तोच पेशंट पुढच्या वेळी मलाच मिळेल का? पेशंटला माझं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक दिसेल ना? शेवटचं तर नियमानंच बंधनकारक आहे. उत्तरं पटली तर आधी दुपारचे दोन तास, दोन महिने करून बघा. घरी लहान मूल असलेल्या, पाय मोडून पडलेल्या, लाजेपायी गावात दाखवू न शकणाऱ्या माणसांना व्हिडिओवरचा डॉक्टर फार मोलाचा असतो. ते काम हलकं नाही. पण तुम्ही ते गुरुजींच्या मोबाइलवर रुसून धरलंत, तर पडद्याच्या पलीकडच्या प्रत्येक पेशंटच्या हातातही मोबाइल असणार आहे.

तिसरी एक वाट तुमच्या पत्रात नाही. सरकारच्या ई-संजीवनी या दूरसल्ल्याच्या सेवेत उपकेंद्रावरची आरोग्य अधिकारी पेशंटजवळ बसते आणि दूरचा डॉक्टर पडद्यावर असतो. हीच मांडणी तुमच्या दवाखान्यात करता येईल. ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञाशी, मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून आठवड्यातली एक दुपार ठरवा. पेशंट तुमच्या खुर्चीत, तज्ज्ञ पडद्यावर आणि तुमचा हात पेशंटच्या पोटावर. जिल्ह्याला एस.टी.नं जाऊन-येऊन दिवस मोडणाऱ्या माणसाची मजुरी वाचते, आणि तज्ज्ञानं सांगितलेलं त्याच्या भाषेत समजावणारं कुणीतरी तिथंच असतं. तुमच्या मुलीचं एम.डी. संपलं की पडद्यावर तीही असू शकेल.

जागा एवढ्यात विकू नका. सहा महिने पाटी लावून, नंबर वेगळा करून, दुपारची वेळ मोकळी ठेवून बघा. त्यानंतरही सकाळी कुलूप काढताना मन जड होत असेल तर मला पुन्हा लिहा. तेव्हा बंद करायच्या निर्णयाबद्दलही आपण नीट बोलू.

एक काम मात्र आजच करा. दहा दिवसांच्या वीस गोळ्यांपैकी गुरुजींनी तीन दिवसांत सहा घेतल्या असतील. म्हणजे चौदा अजून त्यांच्या घरात आहेत. त्यांना फोन लावा, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या आठवड्यात पुन्हा करून घ्यायला सांगा, आणि ती पट्टी कुठं ठेवलीय ते विचारा. घरात बाईंचीही कंबर दुखत असेल.